पहिले वर्कशॉप, मग दुसरा ट्रॅक्टर



येत्या सर्वसाधारण सभेत एक प्रश्न येणार आहे. अवजार बँकेसाठी दुसरा ट्रॅक्टर घ्यायचा, की आहे ती अवजारं नीट ठेवायला कंपनीचं स्वतःचं वर्कशॉप उभारायचं? दोन्ही एकाच वर्षी झेपणार नाही. मी वर्कशॉपच्या बाजूनं हात वर करणार आहे. हे माझं मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नाही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सभेत बोला.

*तोटा कुठं होतो?*
मशीन बिघडते ती ऐन कामाच्या दिवसात, कारण बाकी वर्षभर ती उभीच असते. सोयाबीन कापणीला आलं की थांबत नाही. शेंगा तडकतात, वरून परतीच्या पावसाची भीती. अशात थ्रेशरचं बेअरिंग गेलं, तर बेअरिंग काही शे रुपयांचं असतं. पण ते काढायला पुलर नाही, जुनं काढलं तर त्याच नंबरचं नवं गावात नाही, म्हणून माणूस नागपूरला पळतो. तोवर गंजी ताडपत्रीखाली आणि मजूर दुसऱ्याच्या वावरात. भिजून काळं पडलेलं सोयाबीन कळमन्याला नेलं की काय भाव लागतो, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा ट्रॅक्टर घेतल्यानं यातलं काहीच बदलत नाही. बिघडणारी आणखी एक मशीन दारात येते, एवढंच. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत २०१४-१५ पासून अवजार खरेदीला अनुदान मिळतं, ते घ्यावंच. पण अनुदानातून आलेल्या अवजाराचं बेअरिंग बदलणं आपल्याच खिशातून असतं.

*"नागपूर जवळच हाये, कायले पाहिजे शेड?"*
हा प्रश्न बरोबर आहे. इंजिन खोलणं, लेथचं काम, डिझेल पंपाचं काम नागपूरलाच जाईल आणि जावं. आपण लेथ घेऊच नये. रोज काम नसलेली मशीन गंजते आणि चालवणारा कारागीर टिकत नाही. आपल्याला करायचं आहे ते छोटं काम: बेअरिंग, पट्टा, पाती, तुटलेला फण, गळका पंप, सैल बोल्ट. हंगामात दिवस जातात ते याच कामांत.

*शेड कशी असावी?*
मशीनच्या यादीआधी जमिनीचा विचार करा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांत फरशी फुटते. दोन-तीन फूट काळी माती काढा, मुरूम भरा, थराथरानं दाबा, मगच काँक्रीट. उतार दाराकडे.

• २० × ३० फूट बंद जागा पुरे. दारासमोर तेवढाच काँक्रीटचा ओटा हवा, कारण थ्रेशर आणि ट्रॉलीचं काम बाहेरच होतं.
• दार १२ फूट रुंद, तेवढंच उंच, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन, दोन्ही पश्चिमेकडून येतात.
• छत उंच घ्या आणि गरम हवा वरून निघायला जागा ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बुटक्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणी थांबत नाही.
• जमिनीत खड्डा नको. पावसाळ्यात त्यात पाणी भरतं.
• डिझेल-ऑइलची खोली वेल्डिंगपासून वेगळी.
• शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवायचं नाही. वेगळं मीटर, पक्की अर्थिंग आणि शॉक लागताच बंद पडणारा ब्रेकर हवाच.

*आत काय ठेवावं?*
सुरुवातीला एवढंच: लोखंडी टेबल आणि त्यावर ६ इंची वाइस, रिंग पाने व गोटी सेट, बेअरिंग पुलर, ग्रीस गन, २०० अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, गार्ड असलेला ग्राइंडर, ड्रिल, छोटा कॉम्प्रेसर, जॅक आणि त्यासोबत मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या अवजाराखाली कोणीही जायचं नाही. चष्मा आणि हातमोजे खिळ्यावर टांगलेले, कपाटात कुलूपबंद नाहीत. हे सगळं नव्या ट्रॅक्टरच्या चौथ्या हिश्श्यातही बसतं. मोठा खर्च शेडचा आहे, आणि ती शेड मशीनपेक्षा जास्त वर्षं टिकेल.

सुट्या भागांची फळी मात्र नीट भरा. उन्हाळ्यात प्रत्येक सभासदाकडून त्याच्या अवजाराचे बेअरिंग आणि पट्ट्याचे नंबर लिहून घ्यायचे. जे नंबर पुन्हा पुन्हा येतात, ते आणून ठेवायचे. सहा फुटी रोटाव्हेटरला चाळीसच्या वर पाती असतात, त्यांचा एक संच ठेवायचा. आणि शिअर बोल्ट. तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी कडक बोल्ट किंवा वेल्डिंगचा रॉड घातला, की पुढचा दगड गिअरबॉक्सचे दात घेऊन जातो.

*फवारणी पंपाचं टेबल वेगळं*
२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. पण पाठीवर गळणारा पंप घेऊन कोणी कपाशीत जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. वॉशर, नळी, नोझल बदलायची सोय इथे हवी. जुन्या नोझलमधून एका मिनिटात निघणारं पाणी मोजा, नव्याशी ताडून पाहा. दहा टक्क्यांहून जास्त निघालं तर जुनं फेका. औषधाचा खर्चही वाचतो.

*माणूस कोण?*
सगळ्यात अवघड प्रश्न हाच. आयटीआय झालेला गावातला एक मुलगा पगारावर ठेवा. आणि आपल्या गावांतले लोहार-सुतार यांना बाजूला सारू नका. डवऱ्याची पास आणि वखर त्यांच्याइतकी कोणाला जमते? वीज आणि जागा कंपनीची, मजुरी त्यांची, असा करार करता येईल. वर्कशॉप उभं राहिलं आणि गावचा कारागीर बसला, तर ते आपलं यश नव्हे.

हे काम खेड्यात होतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुलं वेल्डिंग, फॅब्रिकेशन, वायरिंग, शेती हे सगळं हातानं करत शिकतात.

*शेवटी हिशेब*
दरफलक भिंतीवर लावा. प्रत्येक पान्याची आकृती भिंतीवर रंगवा, म्हणजे संध्याकाळी काय परत आलं नाही ते लगेच दिसतं. नोंदवही रोज लिहा: कोणाचं अवजार, काय बिघडलं, किती वेळ लागला. उधारीवर दुरुस्ती नको, संचालकालाही नाही. दोन हंगामांची वही हातात आली की दुसरा ट्रॅक्टर खरंच लागतो का आणि कोणता, हे तीच वही सांगेल.

तोवर एक काम करा. आपापल्या थ्रेशर, रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्राच्या बेअरिंग-पट्ट्यांचे नंबर कागदावर लिहून सभेला घेऊन या. निर्णय काहीही होवो, ती यादी कामाला येईल.

— अवजार समितीतील एक सभासद