घड्याळ घ्यायचे, पण कोणत्या काळातले?

इंदूरच्या एका मराठी कुटुंबातील वडील बँकेतून निवृत्त होणार होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना उंची घड्याळ भेट द्यायचे ठरवले. त्याला कारणही तसेच होते. आजोबांच्या हातात एके काळी स्विस बनावटीचे ओमेगा असे. वडिलांच्या कॉलेजच्या फीसाठी ते विकावे लागले. वडिलांनी ही हकिगत घरात दोन-तीनदाच सांगितली असेल, पण मुलीच्या मनात ती घर करून राहिली होती.

नवे कोरे ओमेगा तिच्या आवाक्याबाहेरचे होते. तीन वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांत दोन पर्याय बसत होते. एक, आजोबांच्या घड्याळासारखे १९६०च्या दशकातले सीमास्टर. दुसरे, त्याच कंपनीचे पाच-सहा वर्षे वापरलेले अलीकडचे घड्याळ. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी होती. मुलीचा कौल अर्थातच जुन्याला होता. आईने मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘अगं, हे ते रोज घालणार आहेत, की कपाटात ठेवून बघणार आहेत?’’

उंची घड्याळ सेकंडहँड घेणाऱ्या प्रत्येकाने आधी याच प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

किंमत कमी, सांभाळ जास्त

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे चांगले घड्याळ आजही उत्तम चालू शकते. त्याचे मशीन उघडता येते, साफ करता येते, तेल देऊन पुन्हा जुळवता येते. पण हे काम जाणणारा घड्याळजी गावात हवा आणि सुटे भाग मिळायला हवेत. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधील कितीतरी कारखाने बंद पडले. त्यामुळे ज्या कंपनीचे आज नावही उरलेले नाही, तिचे घड्याळ कितीही देखणे असले तरी बिघडल्यावर पंचाईत होते. ओमेगा, रोलेक्स यांसारख्या टिकून राहिलेल्या नावांच्या बाबतीत ही अडचण कमी असते, पण खर्च मात्र जास्त येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ असे कोरलेले असले तरी त्यावर विसंबू नये. आतली रबरी रिंग काळानुसार कडक होते आणि पाणी आत शिरते. जुने घड्याळ घालून आंघोळ, भांडी किंवा बागेला पाणी घालणे ही कामे करू नयेत.

आकाराचाही विचार करावा. त्या काळातील पुरुषांची घड्याळे साधारण ३४ ते ३६ मिलिमीटरची असत. आज ३९ ते ४२ मिलिमीटरची सवय झालेल्यांना ती लहान वाटतात. साठीनंतर चष्म्याशिवाय वेळ दिसणे हीसुद्धा छोटी बाब नाही.

तबकडी काय सांगते?

जुन्या घड्याळाची खरी किंमत त्याच्या तबकडीत असते. आपल्याकडे जुन्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा इतका चालतो की, परदेशातील शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाके मुरडतात. फाव्र-ल्युबा, एचएमटी ही नावे त्यात हटकून सापडतात. म्हणून तबकडी भिंगाखाली पाहावी. अक्षरे जाड-बारीक, वाकडी किंवा फुटलेली असतील, साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी आरशासारखी चकचकीत असेल, तर सावध व्हावे.

अंधारातही एकदा पाहावे. पूर्वी आकड्यांवर रेडियमचा आणि पुढे ट्रिशियमचा रंग लावत. इतक्या वर्षांनी त्याची चमक उरत नाही. असे आकडे लख्ख चमकत असतील, तर रंग नंतर भरला आहे असे समजावे. रेडियम किरणोत्सर्गी असल्याने तसे घड्याळ घरी उघडून खरवडण्याचा उद्योग मुळीच करू नये.

विकणाऱ्याला मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. मशीनवरचे नाव आणि तबकडीवरचे नाव एकच हवे. ओमेगाच्या मशीनवरील क्रमांकावरून ते साधारण कोणत्या वर्षाचे, याचा अंदाज येतो. झाकण उघडायला जो तयार होत नाही, त्याच्याकडून घड्याळ घेऊ नये.

अलीकडचे वापरलेले घेताना

अलीकडच्या घड्याळाचे फायदे सरळ आहेत. नीलमणी काचेवर सहसा ओरखडे पडत नाहीत, पाण्याची भीती कमी असते आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती होते. आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. मोबाइलचे कव्हर, स्पीकर, पर्सचे बटण यांत लोहचुंबक असतो. त्याच्या प्रभावाने जुने घड्याळ एकाएकी पुढे पळू लागते. ओमेगाने २०१५पासून आणलेली ‘मास्टर क्रोनोमीटर’ घड्याळे १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकीय प्रभावातही बरोबर चालतात.

येथे धोका असतो तो नकली किंवा चोरीच्या मालाचा. मूळ बिल, गॅरंटी कार्ड आणि घड्याळावरचा क्रमांक जुळतो की नाही, ते पाहावे. नुसत्या डब्याला भुलू नये, डबे वेगळेही विकत मिळतात. शेवटचे सर्व्हिसिंग कधी झाले, हे विचारून त्याची पावती मागावी. स्वयंचलित घड्याळाचे सर्व्हिसिंग साधारण पाच ते आठ वर्षांनी करावे लागते आणि उंची घड्याळाचा तो खर्च हजारांत असतो. तो आधीच किमतीत धरावा. डिसेंबर २०२२मध्ये रोलेक्सनेही वापरलेली घड्याळे तपासून, गॅरंटीसह विकण्याची योजना सुरू केली. अशा ठिकाणी किंमत जास्त पडते, पण मनाचा घोर राहत नाही.

आणि वडिलांची निवड

शेवटी मुलीने भेटीचे गुपित सोडून दिले आणि वडिलांनाच दुकानात नेले. त्यांनी जुने सीमास्टर हातात घेतले, कानाला लावले, बराच वेळ टिकटिक ऐकली. मग ते मुलीला म्हणाले, ‘‘सुंदर आहे गं. पण हे तुझ्या आजोबांचे घड्याळ नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांचे आहे.’’

मुलगी गप्प राहिली. वडिलांनी दुसरे घड्याळ मनगटावर चढवले, चष्मा काढून वेळ वाचून पाहिली आणि हसले. बिल आणि क्रमांक जुळवून तेच घेतले. आता सकाळी झाडांना पाणी घालतानाही ते त्यांच्या हातात असते.

याचा अर्थ जुने घेऊच नये, असा नाही. ज्याला सांभाळण्याची हौस आहे, विश्वासाचा घड्याळजी आहे आणि रोजच्या वापराला दुसरे घड्याळ आहे, त्याला जुन्या घड्याळाइतका आनंद कशात मिळणार नाही. आणि घरच्याच कपाटात वडिलांचे किंवा आजोबांचे बंद घड्याळ पडून असेल, तर बाजारात जाण्याआधी ते घड्याळजीला दाखवावे. ते पुन्हा चालू लागले, तर त्या खर्चाचे दुःख होणार नाही.