फावल्या वेळचे खेळ : साखळीत बांधलेली जहाजं

गेल्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन रविवार कुणी जेवलं नाही. टेबलावर जुनी निळी चादर, चादरीवर पुठ्ठ्याची पस्तीस जहाजं आणि कडेला नववीतल्या भाचीने टाचलेली चिठ्ठी : 'हात लावू नये, लढाई चालू आहे.' लढाई होती २४ जून १३४० ची, स्लॉइसच्या खाडीतली. इंग्रज माझ्याकडे, फ्रेंच तिच्याकडे.

पहिल्या रविवारी ती सपाटून हरली. जहाजं डब्यात भरताना वैतागून म्हणाली, "मामा, हे फ्रेंच एवढे मूर्ख होते का रे? आपलीच जहाजं एकमेकांना साखळीने कोण बांधतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला आम्हांला आणखी दोन रविवार लागले.

आधी खेळाविषयी. छोट्या प्रतिकृती मांडून, फासे टाकून, नियम लावून जुनी लढाई पुन्हा लढायची, हा छंद युरोपात बराच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असा खेळ वापरत. पुढे एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घराघरांत नेले. मध्ययुगीन जहाजांचा खेळ हा याच घराण्यातला. मला तो विशेष आवडतो, कारण त्यात तोफांचा धडाका जवळजवळ नसतो. असतो तो वारा, भरती-ओहोटी आणि माणसं.

त्या काळात उत्तर युरोपात मालवाहतुकीला 'कॉग' नावाचं जहाज असे. एक डोलकाठी, एक चौकोनी शीड, उंच बाजू, सपाट तळ आणि मागे सुकाणू. लढाई आली की राजा व्यापाऱ्यांची हीच जहाजं ताब्यात घेई आणि पुढे-मागे लाकडी माच बांधून त्यांवर तिरंदाज चढवी. असं एक कॉग १९६२ मध्ये जर्मनीत ब्रेमेनजवळ वेझर नदीच्या गाळात सापडलं. साधारण १३८० चं ते जहाज आज ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयात उभं आहे. लांबी सुमारे २४ मीटर. एकास तीनशे या प्रमाणात ते आठ सेंटिमीटरचं होतं. आम्ही त्याच मापाने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. शिडाला जुन्या वहीचे कागद आणि डोलकाठीला अगरबत्तीच्या काड्या.

आता लढाई. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत होता. त्याला फौज घेऊन फ्लँडर्समध्ये उतरायचं होतं. त्याला अडवायला फ्रेंचांची दोनशेहून जास्त जहाजं झ्विन नावाच्या खाडीच्या तोंडाशी उभी राहिली. नेते होते ह्यूग किएरे आणि निकोला बेउशे. त्यांनी तीन रांगा करून जहाजं साखळ्यांनी बांधली. मदतीला वल्ह्यांच्या गलबतांचा जेनोआचा सरदार बार्बावेरा होता. तो म्हणाला, इथे अडकून पडू नका, खुल्या समुद्रात चला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

एडवर्डकडे सव्वाशे ते दीडशे जहाजं असावीत. ऊन आणि वारा पाठीशी घेऊन तो आला. दिवसभरात फ्रेंचांच्या रांगा खाडीत पूर्वेकडे सरकून जहाजं एकमेकांत गुंतली होती. इंग्रजांनी तिरंदाजांच्या दोन जहाजांमध्ये शिपायांचं एक, अशी मांडणी केली. आधी बाण, मग आकडे टाकून जहाज ओढायचं आणि वर चढायचं. बाजूची जहाजं बांधलेली, त्यामुळे पळायला वाट नाही. लढाई रात्रीपर्यंत चालली. किएरे मारला गेला, बेउशेला डोलकाठीला फाशी दिलं. बार्बावेरा मात्र आपली काही गलबतं घेऊन निसटला.

आमचं एक पुठ्ठ्याचं जहाज म्हणजे खरी दहा. नियम घरचेच. वारा पाठीमागून असेल तर जहाज बारा सेंटिमीटर सरकतं, बाजूने असेल तर आठ, समोरून असेल तर मुळीच नाही. दर तिसऱ्या डावाला भरतीने सगळी जहाजं तीन सेंटिमीटर पूर्वेला ढकलायची. इंग्रजांच्या लांब धनुष्याला एका डावात दोन फासे. फ्रेंचांच्या क्रॉसबोला एकच, कारण ते ओढून भरायला वेळ लागतो. जहाजं भिडली की दोघांनी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. साखळीतल्या जहाजाला शेजारच्या प्रत्येक जहाजामागे एक गुण जास्त, कारण तिथली माणसं धावून येऊ शकतात.

हा शेवटचा नियम भाचीने पहिल्या रविवारी नीट वाचलाच नव्हता. दुसऱ्या रविवारी तिने साखळ्या काढून टाकल्या. जहाजं मोकळी झाली खरी, पण भरतीने विखुरली. मी एकेकाला तिघांनी घेरलं आणि शेजारून मदत येईना. ती पुन्हा हरली. "म्हणजे साखळी अगदीच वेडेपणा नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. बांधलेली जहाजं म्हणजे समुद्रावरचा तट. धक्का बसला तरी फुटत नाही. फक्त तो तट जागचा हलत नाही, आणि खाली पाणी मात्र हलत असतं.

तिसऱ्या रविवारी तिने बार्बावेराचा सल्ला मानला. पहिल्याच डावात खाडी सोडून ती बाहेर पडली, वाऱ्याची बाजू धरली आणि माझी आठ जहाजं आडवी केली. घरभर आरडाओरडा झाला. मग मी तिला चादरीच्या दुसऱ्या टोकाला पाहायला सांगितलं. धामधुमीत माझी चार जहाजं तिच्या मागून खाडीत शिरून किनाऱ्याला लागली होती.

"मग जिंकलं कोण?" तिने विचारलं.

"तुला काम काय दिलं होतं?"

ती गप्प झाली. एडवर्डला उतरू द्यायचं नाही, हे फ्रेंचांचं काम होतं. खुल्या समुद्रात गेलं तर लढाई जिंकता आली असती, पण शत्रू बगल देऊन निसटण्याचा धोका होता. दार अडवायचं असेल तर माणूस दारातच उभा राहतो. साखळी हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. उत्तर चुकलं, पण प्रश्न अवघड होता.

इतिहासाच्या पुस्तकात निकाल आधीच छापलेला असतो, त्यामुळे हरलेले सगळे आपल्याला मूर्ख वाटतात. हा खेळ आपल्याला निकालाच्या अलीकडे नेऊन बसवतो. म्हणून त्याचे नियम करताना एक पथ्य पाळावं. फ्रेंच दरवेळी हरतीलच असे नियम केले, तर ती नुसती नक्कल झाली. आणि फक्त फाशावर सोडलं, तर वारा-भरतीला काही अर्थच उरत नाही.

त्या संध्याकाळी भाचीने आडवी पडलेली जहाजं मोजली आणि प्रत्येकावर किती माणसं असतील, असं विचारलं. त्या ताफ्यावर नॉर्मंडी आणि पिकार्डीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, कोळी पुष्कळ होते. कसलेले शिपाई त्या मानाने थोडे. त्या एका दिवशी हजारो माणसं गेली, कितीतरी बुडून. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने जहाजं डब्यात फेकली नाहीत, एकेक उचलून ठेवली.

एडवर्डने १३४४ मध्ये सोन्याचं नाणं पाडलं. त्यावर तो स्वतः जहाजात उभा आहे. झ्विन खाडी मात्र पुढे गाळाने भरत गेली. स्लॉइस आज नेदरलँड्समध्ये बेल्जियमच्या सीमेलगतचं छोटं गाव आहे आणि समुद्र त्याच्यापासून लांब गेला आहे.

तुम्हांला खेळायचं असेल तर पुठ्ठा, कात्री, दोन फासे आणि एक चादर पुरे. बाजू निवडताना एकदा तरी हरलेल्यांची घ्या. आणि टेबल मोकळं कधी करणार, ते घरात आधी सांगून ठेवा.