नाव कोणाच्या नावावर?

तालुक्याच्या गावातील शाळा, वाचनालय, पतसंस्था किंवा महाविद्यालय स्वतःचे संकेतस्थळ काढावयाचे ठरवते, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. दुसरा प्रश्न बहुधा निघतच नाही. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ज्याला आता सर्वजण डोमेन म्हणतात ते, कोणाच्या नावावर नोंदले जाणार, हा तो प्रश्न. खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काही हजार रुपये जातात. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर संस्थेची ओळखच परक्याच्या हाती जाते.

लोहा-कंधारच्या बाजूस रूढ असलेली रीत वाचकांच्या परिचयाची असेल. संस्थेचाच एखादा माजी विद्यार्थी संगणक शिकलेला असतो. तो थोडक्यात सारे काम करून देतो आणि नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो. त्यात लबाडी नसते, सोय असते. पुढे त्याला पुण्यास नोकरी लागते. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर पडून राहते. आणि एके दिवशी संकेतस्थळ उघडेनासे होते. डॉट कॉम नावाची मुदत संपली की नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत मिळते. नाव खोडले गेल्यावर तीस दिवसांपर्यंत ते जबर शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतर आणखी पाच दिवसांनी ते जगातील कोणासही खुले होते. सोडून दिलेली, पण लोकांच्या ओळखीची झालेली अशी नावे टिपण्याचा एक धंदाच चालतो आणि जुगारवाले त्याचे चांगले गिऱ्हाईक आहेत. शाळेच्या जुन्या पत्त्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला पालकांना दिसला, तर खुलासा कोण करणार?

मुळात डोमेन विकत मिळतच नाही. ते मुदतीच्या भाड्याने मिळते आणि ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. माळेगावच्या यात्रेत दुकान मांडणारा व्यापारी जागेची पावती पाल ठोकणाऱ्या मजुराच्या नावाने फाडत नाही. आपल्या संस्था मात्र नेमके हेच करीत आहेत.

आता खर्चाकडे वळू. डॉट कॉम नावांची मूळ वही व्हेरिसाइन या एकाच अमेरिकन कंपनीकडे आहे. नोंदणी कंपन्यांकडून ती घेत असलेला वार्षिक दर सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला. त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ८६० रुपये. मग हेच नाव कोणी पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत देत असेल, तर तो धर्मादाय करीत नाही, हे उघड आहे. पहिल्या वर्षीची खोट तो पुढील नूतनीकरणात किंवा नावासोबत गळ्यात मारलेल्या होस्टिंगमध्ये भरून काढतो. बदलाचा खर्च जितका अधिक तितका विक्रेता निर्धास्त, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. पत्ता एकदा शिक्क्यावर, पत्रशीर्षावर आणि फलकावर चढला की संस्था तो सहजासहजी बदलीत नाही. म्हणून जाहिरातीतील ठळक आकडा बाजूस ठेवून नूतनीकरणाचा दर विचारावा, त्यात अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळवावा आणि पाच वर्षांची बेरीज करावी. ही बेरीज आमच्या वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही जमेल. पण कोटेशने मागवताना ती कोणी करीत नाही.

होस्टिंगची गोष्ट वेगळी. नाव म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे पाने ठेवण्याची भाड्याची खोली. खोली बदलता येते, पत्ता तोच राहतो. त्यामुळे काटकसर करावयाची ती खोलीत. वेळापत्रक, निकाल, सूचना आणि चार छायाचित्रे ठेवणाऱ्या संस्थेस ‘अमर्याद’ जागेचे प्रयोजन काय? अशी साधी पाने गिटहब किंवा ब्लॉगर यांसारख्या सेवांवर विनामूल्य ठेवता येतात आणि स्वतःचे नाव त्यांना जोडताही येते. पत्त्याशेजारी सुरक्षिततेची खूण आणणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आजही काही विक्रेते वेगळे पैसे लावतात. वस्तुतः लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था २०१५ च्या अखेरीपासून तशी प्रमाणपत्रे फुकट देत आहे.

जागा फुकट घेण्यास हरकत नाही, पण नाव फुकट घेऊ नये. याहूने जिओसिटीज ही फुकट वसाहत २००९ मध्ये मोडून काढली, तेव्हा तिच्या पत्त्यावर राहणाऱ्या लक्षावधी पानांचा पत्ताही पुसला गेला. पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ बेटांची डॉट टीके ही नावे वर्षानुवर्षे फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीवर मार्च २०२३ मध्ये मेटाने खटला भरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतले. पैसे घेणारा प्रत्येक विक्रेता टिकतो, असेही नाही. नेटफोर इंडिया ही आपल्याकडील जुनी नोंदणी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली आणि हजारो ग्राहक नूतनीकरणासाठी हेलपाटे घालू लागले. अखेर २०२१ मध्ये आयकॅन या जागतिक नियामक संस्थेने तिची मान्यता काढून नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. अशा पडझडीत ज्यांची नोंद स्वतःच्या नावाने आहे, त्यांना निदान दाद तरी मागता येते.

नाव निवडताना आपल्या भागाच्या काही गमतीदार अडचणी आहेत. ‘लोहा’ हे रोमन लिपीत लिहिले की हिंदी भाषकास ते लोखंडाचे दुकान वाटते. आमचे माळेगाव लिहिले तर उभा महाराष्ट्र नाशिक जिल्ह्यातील मालेगावी जाऊन पोहोचतो, कारण रोमन लिपीत ‘ळ’ला वेगळे घर नाही. ‘वाचनालय’ शब्दाची स्पेलिंगे तर जितके सभासद तितकी. यावर उपाय म्हणून देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा पत्ता ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी संस्थेने तो अवश्य घ्यावा, पण त्यावरील ई-मेल सर्वत्र स्वीकारला जात नसल्याने तूर्त तो जोडीचा पत्ता म्हणूनच ठेवावा. मुख्य नाव आखूड, फोनवर एकदा सांगितले की लिहून घेता येईल असे, आणि शक्यतो ‘डॉट इन’ असावे. ही नावे निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत आहेत. महाविद्यालयांसाठी अर्नेटमार्फत मिळणारे ‘एसी डॉट इन’ आहेच. नांदेडचे आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तेच वापरते. कागदपत्रे पाहूनच ते दिले जात असल्याने कोणी भामटा ते सहजी घेऊ शकत नाही.

नावातच विश्वास असतो, हे रिझर्व्ह बँकेनेही ओळखले. फसवणुकीला आळा घालण्यासाठी तिने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले. पतसंस्था मात्र बँका नव्हेत. त्यांना हे छत्र नाही. ठेवीदारांनी भरवसा ठेवलेला पत्ता सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर अधिकच येते.

व्हॉट्सअॅपचा गट असताना हा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतात. गटावरील सूचना दुसऱ्या दिवशी शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडली जाते. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ सालीच घातले आहे. ते काही गटावर टाकलेल्या छायाचित्राने पुरे होत नाही. आणि शिष्यवृत्तीची तारीख पाहू इच्छिणाऱ्या वाडीतांड्यावरील मुलीला गटात घेणार कोण?

प्रत्येक कार्यालयात जडवस्तुसंग्रहाची नोंदवही असते. तीत मोडक्या खुर्च्या, गंजलेली घंटा, बंद पडलेला चक्रमुद्रक हे सारे क्रमांकानिशी नोंदलेले असते. तिच्याच शेजारी एक पान डोमेनसाठी उघडावे: नोंदणी कंपनीचे नाव, धारक म्हणून संस्थेचे नाव, संस्थेचा ई-मेल, मुदत संपण्याचा दिनांक आणि दुसऱ्या कंपनीकडे जाताना लागणारा संकेतांक कोठून मिळवावयाचा ती माहिती. परवलीचा शब्द लाखबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. मुख्य लिपिक निवृत्त होताना कार्यभाराच्या यादीवर किल्ल्यांच्या जुडग्याखालोखाल या पाकिटाचीही नोंद करून सही घ्यावी.