सवयीने दिलेले औषध

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर रात्र काढण्याची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांना औषधांच्या त्या लांबलचक चिठ्ठ्या चांगल्या परिचयाच्या असतील. त्यांत पँटोप्राझोल हे नाव बहुधा असतेच. रोगी न्यूमोनियाचा असो की अपघातात सापडलेला, जठरातील आम्ल कमी करणारे हे इंजेक्शन त्याला मिळावयाचेच, अशी जणू रीत पडून गेली आहे. या रीतीला आधार काय, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास वैद्यकशास्त्राला तीस वर्षे लागली.

मुळात भीती खोटी नव्हती. गंभीर भाजलेल्यांच्या आतड्याच्या आरंभी व्रण पडतात हे कर्लिंग यांनी १८४२ मध्येच नोंदविले होते. मेंदूच्या विकारांतही तसेच घडते हे कुशिंग यांनी १९३२ मध्ये दाखविले. शरीर संकटात सापडले की जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा आटतो, आम्लाला थोपविण्याची त्याची शक्ती खचते आणि रक्तस्राव होतो. पण तो कितीजणांना? कॅनडातील डॉ. डेबोरा कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २,२५२ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा गंभीर रक्तस्राव अवघ्या ३३ जणांत आढळला. धोका मुख्यत्वे दोन प्रकारच्या रोग्यांना होता: ४८ तासांहून अधिक काळ श्वासयंत्रावर असणाऱ्यांना आणि ज्यांचे रक्त नीट गोठत नाही त्यांना. बाकीच्यांना औषध मिळत होते ते केवळ सवयीने.

दुसरीकडे, आम्ल हटले की जंतूंना रान मोकळे होईल व फुप्फुसे बिघडतील, ही शंका होतीच. २०१८ मध्ये युरोपातील सुमारे ३,३०० रोग्यांवरील प्रयोगात रक्तस्राव घटला, मृत्यू मात्र घटले नाहीत. अखेर २०२४ मध्ये आठ देशांतील, श्वासयंत्रावरील ४,८२१ रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्यांत शेकडा ३.५ जणांना गंभीर रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत शेकडा १ जणाला. न्यूमोनिया वाढला नाही. मृत्यूंच्या प्रमाणात येथेही लक्षणीय फरक पडला नाही.

बेशुद्ध माणसावर प्रयोग कसले करता, असा आक्षेप अनेक सुजाण लोकही घेतात. आम्हांस तो मान्य नाही. काटेकोर देखरेखीखाली अर्ध्या रोग्यांना औषध न देणे यात जेवढा धोका आहे, त्याहून पुरावा नसलेले औषध लक्षावधींना वर्षानुवर्षे टोचत राहणे अधिक बेजबाबदारपणाचे होय.

श्वासयंत्रावरील रोग्यापुरते हे औषध आता निःशंकपणे द्यावे. परंतु यंत्र निघाले, रोगी साध्या खोलीत आला, घरी गेला, तरी गोळी चालूच राहते. ती बंद करा असे सांगावयाचे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. पैसा जातो तो नातलगांचा. म्हणून औषध सुरू करतानाच ते केव्हा थांबवावयाचे हेही रुग्णपत्रिकेवर लिहिण्याचा दंडक प्रत्येक रुग्णालयाने घालून घ्यावा. आणखी एक गोष्ट: त्या आठ देशांत पाकिस्तान होता, भारत नव्हता. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांना हे खटकले पाहिजे.