विज्ञानकथा आणि चालू घडामोडी



‘मराठीतली विज्ञानकथा म्हणजे इंग्रजीची उसनवारी, आणि तिने चालू घडामोडींत नाक खुपसू नये’ हे आपल्या अंकातील एका विज्ञानकथा-चाहत्याचे मत दोन्ही अंगांनी लंगडे आहे. कोल्हापुरात तर ते आणखीच खटकते.

उसनवारीचे म्हणाल तर, खगोलशास्त्रज्ञ-कथाकार जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून मजकूर पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतला. पहिले बक्षीस मिळाले ते मराठी कथेला, कीर्तीला नव्हे.

घडामोडींचे म्हणाल तर, नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत शास्त्रज्ञ धूमकेतूच्या टकरीचे संकट परतवण्याच्या खटपटीत असताना तो शोधणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षकाच्याच घरी शांतियज्ञ चालतो. ही परग्रहावरची गोष्ट नव्हे. पुढे अशाच श्रद्धांची कथेबाहेर परीक्षा घेताना २००८ मध्ये नारळीकरांनी सहकाऱ्यांसह २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या: हुशार मूल कोणते, मतिमंद कोणते, ते ओळखा. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही इतके जमते!



एक वाचक, कोल्हापूर