हिरवा माणूस नेमका कुणासाठी?

माझ्या प्रिस्क्रिप्शनवर औषधांच्या खाली एक ओळ जवळजवळ कायमची असते : रोज अर्धा तास चाला. मधुमेह असो, रक्तदाब असो, वाढलेले वजन असो किंवा रात्री झोप न येणे असो, ही ओळ चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते, आणि त्यातला सर्वांत सोपा, बिनखर्चाचा व्यायाम म्हणजे चालणे.

पण अलीकडे सत्तरी ओलांडलेले रुग्ण या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "डॉक्टर, चालायला आमची ना नाही. पण बाग रस्त्याच्या पलीकडे आहे. तो रस्ता आम्हाला कोण ओलांडून देणार?"

या प्रश्नावर "जरा जपून जा" असे सांगणे सोपे आहे. मला ते उत्तर मान्य नाही, कारण दोष त्यांच्या जपण्यात नाही, आपल्या चौकात आहे. आज त्याविषयी थोडे स्पष्ट बोलू या.

सिग्नलचे गणित कुणाला धरून केलेले आहे?

पादचारी सिग्नलमध्ये दोन टप्पे असतात. स्थिर हिरवा माणूस म्हणजे "आता उतरा". लुकलुकणारा हिरवा माणूस म्हणजे "नव्याने उतरू नका, पण उतरला असाल तर पलीकडे पोहोचा". हा दुसरा टप्पा इतका तरी असायला हवा, की पहिल्या टप्प्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पाऊल टाकणारा माणूसही सुखरूप पोहोचेल. त्यासाठी रस्त्याच्या रुंदीला चालण्याच्या वेगाने भागतात.

हा वेग जगभर वर्षानुवर्षे सेकंदाला १.२ मीटर धरला गेला. आपल्याकडेही गणित याच आकड्यावर चालते. धडधाकट तरुणाला तो सहज जमतो. पण इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांची मोजणी केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. म्हणजे ज्येष्ठांपैकी बहुतेकांना तो सिग्नल पुरतच नव्हता.

आता आपला नेहमीचा सहा पदरी रस्ता घ्या. साडेतीन मीटरचा एक पदर धरला तर रुंदी २१ मीटर. १.२ च्या वेगाने तो ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजींना सव्वीस सेकंद लागतात. साडेसतरा सेकंद संपतात तेव्हा आजी १४ मीटरवर असतात. पुढे पूर्ण दोन पदर बाकी असतात, आणि त्या दोन पदरांतले दुचाकीवाले तोवर अॅक्सिलरेटर पिळून तयार असतात.

यात आजींची चूक कुठे आहे? त्या नियमाप्रमाणे हिरव्यावरच उतरल्या होत्या.

वय झाले की नेमके काय होते?

हळू चालणे हा हट्ट नसतो, आळसही नसतो. वयानुसार मांडीचे स्नायू कमी होतात. गुडघ्याची झीज झालेली असते. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली असेल तर पाऊल चाचपडत पडते. मोतीबिंदूमुळे समोरच्या हेडलाइटचा झगझगाट होतो आणि गाडी किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. ऐकू कमी येत असेल तर मागून वळणारी रिक्षा कळत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाय तर घाई केली की जागीच खिळतात. हॉर्न वाजवून अशा माणसाला पळवता येत नाही, फक्त पाडता येते. आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, ऑपरेशन, अंथरूण, आणि पुष्कळदा त्यातून पुन्हा पूर्वीसारखे न उठणे.

घरी एक साधी चाचणी करून पाहा. जमिनीवर चार मीटरच्या खुणा करा. घरातल्या ज्येष्ठांना नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, सोबत कुणीतरी राहा, आणि मोबाइलवर वेळ मोजा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर वेग ०.८ पेक्षा कमी आहे. तो आकडा तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यावरून स्नायूंच्या ताकदीचा अंदाज येतो. आणि तोच आकडा घेऊन तुमच्या चौकात उभे राहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

अनेकांना वाटते, झेब्रा पट्टे म्हणजे "इथून जमले तर पळा" अशी सूचना. तसे नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे. पुढे वाहतूक तुंबलेली असेल तर आपली गाडी क्रॉसिंगवर आणून उभी करायची नाही. फ्री लेफ्टच्या वळणावर क्रॉसिंग आखलेले असेल तर तिथेही ते क्रॉसिंगच असते. फुटपाथवर गाडी घालणे तर आधीपासूनच बेकायदा आहे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

म्हणजे कागद पादचाऱ्याच्या बाजूने आहे. चौकात मात्र स्टॉप लाइनवर थांबलेल्या एकट्या गाडीला मागचे दहा जण हॉर्न मारतात.

"लोकांनाच शिस्त नाही!"

हे वाक्य मला हमखास ऐकवले जाते. त्यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मोबाइलमध्ये डोके घालून रस्त्यात उतरणारे आहेत, दुभाजकावरून उड्या मारणारे आहेत, आणि ते जिवावरचे आहे. पण माणसे अशी का वागतात तेही पाहायला हवे. दोन-दोन मिनिटे हिरवा दिवा मिळत नसेल, क्रॉसिंग अर्धा किलोमीटर लांब असेल, पट्टे पुसून गेले असतील आणि पट्ट्यांवर गाड्या उभ्या असतील, तर कोण नियम पाळेल? वाट पाहण्याचा वेळ लांबला की लाल दिव्यात उतरणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे.

शिवाय शिस्त मोडल्याची शिक्षा किती असावी? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मृत्युमुखी पडले. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. एखाद्या आजाराने रोज नव्वद माणसे नेली असती तर आपण त्याला साथ म्हटले असते, रुग्णांची बेशिस्त नव्हे.

"मग पादचारी पूल बांधा"

हा उपाय सुचवणाऱ्याचे गुडघे बहुधा चांगले असतात. पुलाच्या दोन्ही बाजूंचे जिने म्हणजे संधिवाताच्या, दम्याच्या, हृदयविकाराच्या रुग्णाला "तुम्ही येऊ नका" अशी पाटीच. लिफ्ट बसवली तरी ती किती दिवस चालू असते, हे वेगळे सांगायला नको. मुंबईतले स्कायवॉक आठवा. स्टेशनातून थेट पुढे जाणाऱ्यांना त्यातले काही उपयोगी पडले असतील, पण समोरच्या औषधाच्या दुकानात जायचे असेल तर कोणते आजोबा तो वळसा घेतात? महामार्गावर पूल हवा, हे मान्य. शहरातल्या चौकात मात्र पुलाचा खरा फायदा गाडीला होतो. तिला थांबावे लागत नाही, आणि सत्तर वर्षांचा माणूस मात्र दोन मजले चढतो.

मग करायचे काय?

उपाय महागडे नाहीत.

१. पादचारी सिग्नलची वेळ ०.८ ते १ मीटरच्या वेगावर ठरवा. वरच्या उदाहरणात जास्तीत जास्त नऊ सेकंद वाढतात. तेवढ्याने शहर ठप्प होत नाही. अमेरिकेने २००९ मध्ये हे गृहीतक १.२ वरून साधारण १.०७ मीटरवर आणले. सिंगापूरमध्ये ज्येष्ठांनी आपले कार्ड खांबाला लावले की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जादा मिळतात.

२. रुंद रस्त्याच्या मधोमध उभे राहायला सुरक्षित, उताराची जागा द्या, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

३. शाळा, दवाखाने आणि बाजार यांच्याजवळ क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणा. गाडी आपोआप हळू होते. ताशी ५० किलोमीटरच्या गाडीत ताशी ३० च्या तुलनेत आघाताची ऊर्जा पावणेतीन पट असते. तोच फरक पुढे हाडे आणि मेंदू भोगतात.

४. स्टॉप लाइनच्या पुढे आलेल्या गाडीला दंड व्हायलाच हवा, रोज आणि प्रत्येक चौकात.

हे होईपर्यंत ज्येष्ठांनी एवढे करावे : हिरवा दिवा आधीपासून चालू असेल तर पुढच्या हिरव्याची वाट पाहा. एक गाडी थांबली म्हणून शेजारच्या पदरातलीही थांबेल असे धरू नका, तिथे क्षणभर थांबून पाहा. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घाला. काठी लागत असेल तर लाजू नका.

आणि जे गाडी चालवतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक, त्यांनी पट्ट्यांच्या अलीकडे थांबावे. मागचा हॉर्न वाजवो. आपण थांबलो म्हणून दहा सेकंद जातात, त्यापलीकडे काही बिघडत नाही.

शेवटी एक विनंती. या आठवड्यात आपल्या जवळच्या चौकात जाऊन हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते मोजा, रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा, आणि दोन्ही आकडे लिहून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात व वाहतूक पोलिसांकडे अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. "रस्ता धोकादायक आहे" ही तक्रार फाइलमध्ये पडून राहते. "२१ मीटरसाठी १५ सेकंद दिले आहेत, २६ हवेत" याला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावे लागते.