गुरूविना शिकणाऱ्याची कैफियत

गेल्या दिवाळीत दादरला एका परिचितांकडे फराळाला गेलो होतो. चकली उत्तम होती आणि घरच्या बाईंचा आग्रहही मनापासूनचा होता. तेव्हा तिथे जे ऐकून घ्यावे लागले त्याबद्दल यजमानांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. झाले असे, की बोलता बोलता आमच्या सौभाग्यवतींनी सांगून टाकले, "हे हल्ली मोबाइलवर बघून मँडोलिन शिकतात." त्याबरोबर समोरच्या एका गृहस्थांनी लाडवाचा अर्धा तुकडा ताटलीत परत ठेवला. गृहस्थ संगीताचे जाणकार. दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवासाठी पुण्याला जाणारे. ते म्हणाले, "मास्तर, रागावू नका. पण ही विद्या गुरुमुखातूनच यावी लागते. व्हिडिओ बघून कोणी पोहायला शिकलंय का? या यूट्यूबने गुरू मारला आणि नकलाकार जन्माला घातले!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तोंडात चकली होती, आणि मास्तर असलो तरी जागच्या जागी उत्तर सुचणाऱ्यांपैकी मी नाही. मला उत्तर सुचले ते घरी परतताना बसमध्ये. तेच इथे देतो आहे.

आधी मी काय शिकतो ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. मँडोलिन आपल्याला परके नाही. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि मराठा मंदिरात मुक्कामाला राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे तिथे हजार आठवडे पुरे झाले. त्यात नायकाच्या हातात असते ते मँडोलिन. तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा, आणि जुळवणी पाश्चात्त्य व्हायोलिनसारखी. परंतु मी शिकतो तो बाज सिनेमातला नव्हे. तो अमेरिकेतल्या केंटकी प्रांताचा. त्याला ब्लूग्रास म्हणतात. त्या मेळात गिटार, फिडल, बास, मँडोलिन आणि बॅन्जो असतात. हा बॅन्जो म्हणजे आमच्या लालबागचा बेंजो नव्हे, बरे का! आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, जपानच्या ताइशोगोतोचा वंशज, टंकलेखन यंत्रासारख्या कळांचा, कर्ण्याला जोडून गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा. हे मी चाळीत किमान वीस जणांना समजावले आहे. एकालाही पटलेले नाही.

या मेळात ढोलकी-तबला काही नसते. ताल धरायचा तो मँडोलिनने: तारांवर आघात करायचा आणि डावी बोटे सैल सोडून नाद जागच्या जागी दाबायचा. 'छक्' असा आवाज येतो, आणि तो मात्रेवर नव्हे तर दोन मात्रांच्या मध्ये येतो. भजनात झांजेचे जे काम, तेच हे. मला हा बाज प्रथम ऐकताच जवळचा वाटला तो त्या 'छक्'मुळे. माझे वडील भजनी मंडळात झांज वाजवीत.

या बाजाचा मूळपुरुष बिल मन्रो. जन्म १९११, केंटकीतले रोझीन हे खेडे. आठ भावंडांत धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आले. तेही आठांपैकी चारच तारा लावलेले, कारण धाकट्याने फार आवाज करू नये! डोळे अधू, त्यामुळे लहानपणी बरेचसे कानावर भागवले. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. मग पेन नावाच्या मामाकडे राहिला. मामा रात्रीच्या नाचांना फिडल वाजवी, भाचा साथीला. दुसरा एक आधार म्हणजे आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक, कोळशाच्या खाणीत राबणारा. कोणी त्याला समोर बसवून रीतसर तालीम दिली नाही. पुढे पोट भरायला शहराकडे गेला आणि शिकागोजवळ एका तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पिंपे धुऊ लागला. डोंगरातली माणसे कारखान्यांत आली आणि गावाकडची गाणी बरोबर घेऊन आली, ती रेडिओवर आणि तबकड्यांवर गाजली. १९३९ साली मन्रो ग्रँड ओल ऑप्री या गाजलेल्या रेडिओ-कार्यक्रमात दाखल झाला.

हे वाचताना गिरणगावातल्या वाचकाला कोकण आठवणार नाही का? मालवण-कणकवलीकडून आलेला माणूस दिवसा साच्यावर उभा राही आणि शनिवारी रात्री डबलबारीत पखवाजाला दाद देई. एका खोलीत दहा-बारा जण, पण भजनाची पेटी मात्र खुंटीवर नीट गुंडाळून ठेवलेली! मन्रोची पिंपे आणि आमच्या वडिलांचा साचा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

तर या मन्रोने म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बसून आपले वादन दाखवले आहे. वुडस्टॉकच्या होमस्पन या संस्थेने ती चित्रफीत काढली. हॅपी ट्रॉम आणि त्यांची पत्नी जेन यांनी ही संस्था १९६७ साली सुरू केली, आणि थोर वादकांचे धडे आधी ध्वनिफितींवर व पुढे चित्रफितींवर घरोघर पाठवले. मन्रोच्या हातातले बारकावे सॅम बुश हा पुढच्या पिढीतला वादक दुसऱ्या चित्रफितीत उलगडून सांगतो. म्हातारा १९९६ साली वारला. त्याच्या हातातले १९२३ सालचे गिब्सन मँडोलिन त्याला एका न्हाव्याच्या दुकानात मिळाले होते. १९८५ साली कोणी घरात घुसून ते फोडले, आणि कारागिरांनी तुकडा तुकडा जोडून ते परत उभे केले. असला हा हात मी रात्री साडेदहानंतर, मुले झोपल्यावर, निम्म्या वेगाने बघतो. पुन्हा मागे नेतो, पुन्हा बघतो. एकच जागा चाळीस वेळा दाखवली तरी म्हातारा कंटाळत नाही.

आता त्या गृहस्थांच्या गुरूकडे वळू.

गुरू मला नको होता असे नाही. मी अकरा वर्षांचा असताना वडील मला गिरगावात एका वर्गाला घेऊन गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि वडिलांची गिरणी त्यांना पुन्हा बोलवायची राहिली ती राहिलीच. पुढे ते एका गोदामावर रखवाली करीत. तरी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. वर्गाच्या गुरुजींनी मला सा लावायला सांगितला, मी लावला. मग विचारले, "घरात पेटी आहे?" नव्हती, भजनाची पेटी मंडळाची होती. "घरात गाण्याचं काही वळण?" वडील म्हणाले, "मी भजनात झांज वाजवतो." गुरुजी हसले. वाईट हसले नाहीत, सौम्यच हसले. "आधी पेटी घ्या, मग या." आम्ही जिना उतरलो. वडिलांनी मला खाली उसाचा रस पाजला, आणि पुढे तो विषय घरात कधी निघाला नाही. मी मॅट्रिक झालो, लहान मुलांना शिकवू लागलो, चार कादंबऱ्या लिहिल्या. सा मात्र तिथेच राहिला.

तेव्हा "यूट्यूबने गुरू मारला" असे कोणी म्हणाले की मला विचारावेसे वाटते: कोणाचा? तुमचा मारला असेल. माझ्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

एकलव्याचे नाव अशा वेळी हटकून निघते. त्याची निष्ठा, त्याचा मातीचा पुतळा. पुतळा करण्याची वेळ त्याच्यावर का आली, हे मात्र कोणी बोलत नाही. द्रोणाचार्यांनी आधी नकार दिला होता, महाराज! आणि अंगठा मागितला तो पुतळ्याने नव्हे.

बरे, हे वादही काही आजचे नाहीत. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या भातखंडे वकिलांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग बाहेर आले. पुस्तकातून का कुठे गाणे येते, हा आक्षेप तेव्हाही होता. आज त्याच जाणकारांच्या कपाटात ती पुस्तके बांधून ठेवलेली असतात. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही विद्या बंद खोलीतून बाहेर आणण्यासाठीच. आणि कुमार गंधर्व? लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. तबकडी म्हणजे त्या काळचे यूट्यूबच. फरक इतकाच, की तीत हात दिसत नसे. आमच्या गृहस्थांच्या हिशेबाने तो मुलगा नकलाकारच ठरला असता. पण मुंबईत तो प्रा. बा. र. देवधरांच्या हाती पडला. ऑपेरा हाउसजवळच्या त्या शाळेत त्याची नक्कल कोणी हिणवली नाही. तिच्या आत काय आहे ते पाहिले गेले.

इथे मला माझ्याच विरुद्ध एक साक्ष द्यावी लागते, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्हिडिओ दाखवतो, पण ऐकत नाही. नऊ महिने मी पिक, म्हणजे तारा छेडायची ती लहानशी चकती, चुकीची धरीत होतो. मनगट सुजले. हळद-तुरटीचा लेप झाला, पट्टा झाला. म्हातारा पडद्यावर आपल्या तंद्रीत वाजवतच होता. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

चूक पकडली ती आमच्या मजल्यावरच्या नानांनी. नाना जन्मभर मिरवणुकांत बेंजो वाजवणारे. त्यांचा गुरू कोण, तर इराण्याच्या हॉटेलातला रेडिओ. बाहेर फुटपाथवर उभे राहून ऐकायचे आणि घरी येऊन कळा शोधायच्या. ब्लूग्रास हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. एका रात्री दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हातोडा धरलाय काय? सोडा जरा." मी सोडला. मग डोळे मिटून ऐकत राहिले. "आणि धावताय तुम्ही. कोणी मागे लागलंय का?" पुढे रोजच येऊ लागले. परातीच्या काठावर चमच्याने ठेका धरीत. दोन मात्रांमधला तो 'छक्' माझ्या हातात बसला तो मन्रोला बघून आणि नानांना ऐकवून. दोहोंपैकी एक वजा केला असता तर बसला नसता.

म्हणजे गृहस्थांचे निम्मे बरोबर आहे: ऐकणारा कान लागतो. पण तो कान पाटावर बसलेल्या गुरूचाच असला पाहिजे, हे कुठून आले? हा कान गिरगावात, परळला, लालबागला गॅलरीगॅलरीत होता. पोरगा पाढे चुकला तर तिसऱ्या खोलीतली काकू ओरडून सांगे, आणि आरतीत कोणी बेसूर झाला तर आठवडाभर त्याची थट्टा होई. हा कान व्हिडिओने नेलेला नाही. तो आम्ही सह्या करून देऊन टाकला. दोन वर्षांपूर्वी आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. कोणी बदलापूरला गेले, कोणी विरारला. नाना मुलाकडे नालासोपाऱ्याला. मी परळला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. तिथे दार आपोआप लागते. शेजारी कोण राहते ते मला दाराबाहेरच्या चपलांवरून थोडेसे ठाऊक आहे. उद्वाहनात सूचना लावली आहे: रात्री नऊनंतर वाद्ये वाजवू नयेत. खाली सही आहे ती सोसायटीच्या कार्यवाहांची. आणि गंमत अशी की, सवाई गंधर्वला जाणाऱ्या मंडळींत तेही आहेत.

वाद्याचा आवाज नकोसा झाला, शेजाऱ्याचा कान नकोसा झाला, आणि विद्या बुडाल्याचे खापर मात्र त्या केंटकीच्या म्हाताऱ्यावर फुटते! ज्याने मरण्यापूर्वी आपला हात जगापुढे उघडा केला, घरात पेटी आहे का हे विचारले नाही, बापाचे वळण विचारले नाही, त्याला गुरुहत्येच्या पिंजऱ्यात उभे करायचे? हा न्याय मला मान्य नाही.

त्या गृहस्थांना मी यंदा फराळाला बोलावले आहे. येतो म्हणाले. भाऊबिजेला नानाही येणार आहेत, सकाळच्या लोकलने, म्हणजे गर्दी कमी असते. रविवारी मी त्यांना फोनवर वाजवून दाखवतो, पण फोनवर ठेका नीट कळत नाही म्हणतात. परात काढून ठेवायला हिला सांगितले आहे. दुसऱ्या जोडीतली एक तार गंजली आहे, ती तेवढी त्याआधी बदलायला हवी.